तान्ह्या बाळाला झोपवताना : कोल्हापुरातील नव्या आईवडिलांसाठी मार्गदर्शन

बाळाला उताणे निजवावे. गादी सपाट आणि घट्ट असावी, तिच्यावर बाळाखेरीज काहीही नसावे, आणि ती आईच्या हाताला लागेल इतकी जवळ, तरीही आईच्या अंथरुणापासून वेगळी असावी. हा नियम बाळ एक वर्षाचे होईपर्यंत रात्रीच्या झोपेला, दुपारच्या झोपेला आणि दहा मिनिटांच्या डुलकीलाही लागू आहे. बालरोगतज्ज्ञ आज जे सांगतात त्याचा गाभा एवढाच आहे आणि तो समजायला कोणत्याही आईला वेळ लागत नाही. अवघड असते ते तो घरात पाळला जाणे. आपल्याकडे तान्हे बाळ एकट्या आईच्या हाती नसते. आजी, आत्या, मावशी, आंघोळ घालायला येणारी बाई, शेजारच्या काकू असे अनेक हात त्याला दिवसभरात झोपवतात आणि प्रत्येकाची रीत निराळी असते. त्यामुळे बाळाला कसे निजवावे हे आईवडिलांनी नुसते जाणून घेणे पुरेसे नाही. ते घरातल्या सगळ्यांकडून एकसारखे करून घ्यावे लागते.

उताणे, कुशीवर की पालथे

निरोगी दिसणारे बाळ झोपेत अचानक दगावते आणि पूर्ण तपासणी करूनही कारण सापडत नाही, अशा मृत्यूला वैद्यकशास्त्रात ‘सिड्स’ म्हणतात. असे क्वचितच घडते; पण घडते तेव्हा बहुतेक वेळा बाळ सहा महिन्यांच्या आतले असते, आणि त्यातही दुसरा ते चौथा महिना सर्वांत जोखमीचा असतो. पाश्चात्त्य देशांत काही दशके बाळांना पालथे निजवण्याचा सल्ला खुद्द डॉक्टरच देत असत. पुढे न्यूझीलंड, ब्रिटन यांसारख्या देशांतील अभ्यासांतून पालथी झोप आणि हे मृत्यू यांचा संबंध स्पष्ट झाला. ब्रिटनमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली बाळांना उताणे निजवण्याची मोहीम सुरू झाली, आणि नंतरच्या वर्षांत तिथले असे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. औषध नाही, यंत्र नाही, फक्त बाळाची कूस बदलली, आणि एवढा फरक पडला.

पालथ्या बाळाचे नाक-तोंड अंथरुणाला टेकते, त्यामुळे त्याने सोडलेली, कार्बन डायऑक्साइड साठलेली हवाच पुन्हा त्याच्या श्वासात जाते. अंगातली उष्णता नीट बाहेर पडत नाही. शिवाय त्या स्थितीत झोप इतकी गाढ लागते की श्वास अडखळला तरी बाळ चटकन जागे होत नाही. ‘पालथे घातले की बाळ शांत आणि खूप वेळ झोपते’ हे आज्यांचे निरीक्षण खरे आहे. काळजीचे कारणही नेमके तेच आहे. गॅस निघावा म्हणून किंवा पोटाला शेक मिळावा म्हणून बाळाला पालथे घालायचे असेल, तर ते जागे असताना आणि कोणीतरी समोर बसलेले असताना घालावे.

कुशीवर निजवणे हा मधला मार्ग वाटतो, पण तो तसा नाही. कुशीवरचे बाळ स्थिर राहत नाही. हात थोडा हलला की ते पुढे कलंडून पालथे होते, आणि पाठीशी दुपट्याची गुंडाळी लावून ठेवली असेल तर परत उताणे होण्याची वाटही बंद होते.

उताणे निजवायला घरातून सर्वाधिक विरोध होतो तो एकाच भीतीपोटी : बाळाने दूध उलटले तर ते घशात अडकेल. ही भीती रास्त वाटली तरी शरीराची रचना वेगळे सांगते. बाळ उताणे असताना श्वासनलिका वरच्या बाजूला आणि अन्ननलिका तिच्याखाली असते, म्हणजे उलटून आलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरायचे तर वर चढावे लागते. बाळ पालथे असते तेव्हा मात्र अन्ननलिका वर आणि श्वासनलिका खाली असते, आणि गुळणी थेट तिच्या तोंडाशी येऊन साठते. ज्या बाळांना दूध उलटण्याचा त्रास जास्त आहे त्यांनाही, डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर, उताणेच निजवायचे असते. त्यांच्यासाठी करायचे ते इतकेच की पाजून झाल्यावर बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढावी, वीस-तीस मिनिटे उभे धरावे आणि मग खाली ठेवावे. गादीखाली उशी सरकवून डोक्याची बाजू उंच केल्याने फायदा होत नाही. बाळ घसरून खाली येते आणि त्याची हनुवटी छातीला टेकते.

आणखी एक गोष्ट घरातल्या सर्वांना आवर्जून सांगावी. रोज उताणे झोपणाऱ्या बाळाला एखाद्या दिवशी कोणी पहिल्यांदाच पालथे निजवले, तर त्या दिवशीचा धोका सवयीने पालथ्या झोपणाऱ्या बाळापेक्षाही जास्त असतो. आई दवाखान्यात किंवा कामावर गेली आणि सांभाळणाऱ्या व्यक्तीने ‘आज एक दिवस’ म्हणून आपली रीत वापरली, हा प्रसंग म्हणूनच किरकोळ समजू नये. सासूबाईंशी किंवा आईशी यावर वाद घालण्यापेक्षा प्रसूतीच्या दवाखान्यातून घरी निघताना त्यांना बालरोगतज्ज्ञांसमोर बसवून हे ऐकवावे. सुनेने सांगितलेले आणि डॉक्टरांनी सांगितलेले यांत आपल्या घरांत किती फरक पडतो, हे वेगळे सांगायला नको. आशाताईंचाही इथे चांगला उपयोग होतो. दवाखान्यात प्रसूती झालेल्या बाळासाठी त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्या आल्या की बाळ जिथे प्रत्यक्ष झोपते ती जागा त्यांना दाखवावी आणि आजींच्या देखत विचारावे.

अंथरूण, पाळणा आणि झोळी

पुढचे काम अंथरुणाचे. बाळ येणार म्हणून पुष्कळ घरांत जुनी कापसाची गादी पिंजून घेतली जाते. ताजी पिंजलेली गादी फुगीर असते आणि बाळाचे डोके तिच्यात रुतते. मोठ्यांच्या अंगाखाली काही आठवडे दबून बसलेली पातळ गादीच बाळासाठी चांगली. पारख सोपी आहे : गादीवर तळहात दाबून उचलावा. हाताचा खळगा तसाच राहिला तर ती गादी बाळाची नव्हे. गादीवर ताणून खोचलेली एक सुती चादर पुरते. मेणकापड घालायचे असेल तर ते चादरीच्या खाली, कडेपर्यंत खोचलेले असावे.

बारशाला हमखास येणारी भेट म्हणजे छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी असलेला गादीचा संच, ज्यात एक गुबगुबीत उशी आणि दोन्ही बाजूंना दोन लोड असतात. मच्छरदाणी कामाची आहे, ती ठेवावी. तिची जाळी ताणलेली असावी आणि बाळाच्या तोंडावर लोंबू नये. उशी आणि लोड मात्र काढून कपाटात ठेवावेत. संचातली गादी मऊ असेल तर जाळी आपल्या घट्ट गादीवर मांडावी. लोड लावले नाहीत तर बाळ दचकते किंवा खाली पडते असे सांगितले जाते. पण दचकणे ही नवजात बाळाची स्वाभाविक क्रिया आहे, आणि पडण्याची भीती असेल तर गादी जमिनीवर घालणे हा लोडापेक्षा कितीतरी खात्रीचा उपाय आहे. कापसाची बाहुली, मऊ खेळणी, भेट आलेली फुलाफुलांची दुलई, यांतले काहीही झोपेच्या जागी नको.

लाकडी पाळणा असेल तर त्याचा तळ सपाट आहे ना, हे पाहावे. दोन गजांमधले अंतर सहा सेंटीमीटरपेक्षा जास्त नसावे आणि गादी व पाळण्याची बाजू यांच्यामध्ये दोन बोटेही शिरता कामा नयेत. चिमणाळे बाळाचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर, पक्के बांधलेले असावे. बाळ झोपले की पाळणा झुलवणे थांबवावे आणि तो एका बाजूला कललेला तर नाही ना, हे पाहूनच तिथून उठावे. बाळ हातांवर उठू किंवा बसू लागले की पाळणा बंद.

झोळीचा प्रश्न नाजूक आहे. जुन्या साडीची झोळी ही आपल्या घरांतली पिढ्यान्‌पिढ्यांची सोय आहे. शेतावर, बांधकामावर काम करणाऱ्या आईला तिच्याशिवाय दुसरा आधारही नसतो, आणि झोळीत बाळ लवकर शांत होते हे कोणीही नाकारणार नाही. अडचण तिच्या आकारात आहे. झोळीत बाळाची पाठ वाकते, हनुवटी छातीकडे येते आणि मऊ श्वासनलिका दुमडल्यासारखी अरुंद होते. शिवाय दोन्ही बाजूंचे कापड तोंडाजवळ येते. म्हणून झोळी वापरायचीच असेल तर ती रडणारे बाळ शांत करण्यापुरती, माणूस समोर असताना वापरावी आणि डोळा लागताच बाळाला सपाट गादीवर उचलून ठेवावे. उचलताना बाळ जागे होईल, चार वेळा होईल, आणि पाचव्या वेळी होणार नाही. रात्रभर झोळीत ठेवणे, किंवा झोळी हलवण्याचे काम पाच-सहा वर्षांच्या ताईकडे सोपवून आपण स्वयंपाकाला लागणे, हे मात्र टाळावे. चारचाकीतील बाळाच्या खुर्चीलाही हेच लागू आहे. प्रवासात ती आवश्यकच आहे. घरी पोहोचल्यावर झोपलेल्या बाळाला तिच्यात तसेच ठेवू नये.

आंघोळीनंतरची झोप

दिवसातल्या सगळ्या झोपांमध्ये ज्या झोपेकडे मला सर्वांत जास्त लक्ष द्यावेसे वाटते ती सकाळच्या न्हाण्यानंतरची. तेलाचे मालिश, कढत वाटावे असे पाणी, मग शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा-वावडिंग टाकून दिलेली धुरी, टाळूवर तेल, डोक्याला टोपडे किंवा कुंची, अंगाभोवती दोन दुपटी करकचून, आणि मग दमलेले बाळ कुशीवर करून पाठीशी गुंडाळी. एवढे झाल्यावर बाळ दोन-तीन तास हूं की चूं करत नाही आणि घर निःश्वास टाकते. पण बारकाईने पाहिले तर जे जे टाळायचे ते सगळे या एका झोपेत एकत्र आलेले असते : अंग तापलेले, डोके झाकलेले, हातपाय बांधलेले, खोलीत धूर, आणि बाळ अस्थिर कुशीवर.

यातले मालिश आणि आंघोळ खुशाल ठेवावी. पाणी कोपर बुडवून कोमट लागेल इतपतच असावे. धुरी बंद करावी. बाळाच्या कोवळ्या फुफ्फुसांना धूर ओव्याचा आहे की कोळशाचा, याने फरक पडत नाही. केस आणि अंग नीट कोरडे करून थोडा वेळ जाऊ द्यावा. घरात झोपताना टोपडे काढावे, कारण बाळ आपली बरीचशी उष्णता डोक्यावाटेच बाहेर टाकते. शिवाय टोपडे घसरून डोळ्यांवरून नाकावर येते आणि त्याचा बंद गळ्याशी आवळतो. जन्मानंतरचे पहिले दिवस आणि कमी वजनाची बाळे यांना हा नियम जसाच्या तसा लावू नये. त्यांना टोपी किती दिवस ठेवायची ते डॉक्टर सांगतील.

दुपट्यात गुंडाळण्याची पद्धत चुकीची नाही, पण तिला तीन अटी आहेत. गुंडाळलेले बाळ नेहमी उताणेच असावे. दुपटे छातीशी इतके सैल असावे की आपला पंजा आत सरकेल, आणि कमरेखाली त्याहून सैल, म्हणजे बाळाला पाय बेडकासारखे दुमडून फाकवता येतील. पाय सरळ ताणून बांधल्याने ते लांब-सरळ होतात ही समजूत खोटी आहे, आणि त्याने खुब्याचा सांधा निखळण्याचा धोका वाढतो. तिसरी अट, बाळ कूस बदलण्याची धडपड करू लागले, जे साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात होते, की गुंडाळणे त्या दिवसापासून बंद करावे.

बाळाला पुरेसे कपडे आहेत की नाहीत हे हातापायांवरून ठरवू नये, ते एरवीही गारच लागतात. मानेमागे किंवा छातीवर हात ठेवावा. तिथे घाम किंवा चटका जाणवला तर एक कपडा कमी करावा. आपण जेवढे कपडे घातले आहेत त्याहून बाळाला फार तर एक थर जास्त लागतो. वैशाखात तर एक सुती झबले पुरे. पंखा लावायला हरकत नाही. झोत थेट तोंडावर नको, एवढेच. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत वाकळ पांघरण्याऐवजी पूर्ण बाह्यांचे, पायमोजे जोडलेले कपडे दोन थरांत घालावेत. आजीने हाताने शिवलेली वाकळ बाळाच्या अंगाखाली, गादीवर ताणून घालता येते. अंगावर मात्र बाळ वर्षाचे झाल्यावरच.

आईजवळ, पण वेगळ्या गादीवर

निदान पहिले सहा महिने बाळ आईवडिलांच्याच खोलीत झोपावे. आपल्याकडे हे वेगळे सांगावे लागत नाही. सांगावे लागते ते हे की एकाच अंथरुणात, एकाच पांघरुणाखाली झोपणे सुरक्षित नाही. बाळाची आबाळ होईल, आईच्या अंगाची ऊब मिळणार नाही, अशी हळहळ यावर व्यक्त होते. त्यासाठी जमिनीवर दोन अंथरुणे शेजारी-शेजारी घालणे ही आपल्या घरांना सर्वांत जुळणारी व्यवस्था आहे : आईची गादी, तिला लागून पण वेगळी अशी बाळाची छोटी गादी, आणि आईचे पांघरूण तिच्याच गादीपुरते. आईने हात लांबवला की बाळ लागते, रात्री पाजायला उठावे लागत नाही, आणि टाके असलेल्या आईलाही ते जमते. जमिनीवरून उठणे त्रासाचे असेल तर पाळणा पलंगाला लावावा.

रात्री आडवे पडून पाजताना आईचा डोळा लागणार, हे गृहीत धरूनच तयारी करावी. पाजण्याच्या जागी जाड उशा आणि रजई नको. साडी असेल तर पदर बाळाच्या तोंडावर येणार नाही असा मागे खोचावा. जाग येताच बाळाला त्याच्या गादीवर ठेवावे. बाळाच्या दुसऱ्या बाजूला भिंत आणि पलंग यांमधली फट असू नये, आणि मोठे भावंड बाळाच्या शेजारी झोपू नये. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला छातीवर घेऊन झोपणे हे याहून कितीतरी पटींनी धोक्याचे आहे. दमून आलेले वडील कौतुकाने हेच करतात, म्हणून त्यांना हे आधीच सांगून ठेवावे. दारू घेतलेली, गुंगी आणणारे औषध घेतलेली किंवा धूम्रपान करणारी व्यक्ती बाळाच्या अंथरुणाजवळ नको. बाळ कमी दिवसांचे किंवा कमी वजनाचे असेल तर हे अधिकच कटाक्षाने पाळावे. घरात विडी-सिगारेट ओढणारे कोणी असेल तर त्याने दारात नव्हे, घरापासून दूर जाऊन ओढावी. खरे तर बाळंतपण हे ती सोडण्याचे चांगले निमित्त आहे. अंगावर पाजल्याने सिड्सचा धोका कमी होतो. लसीकरणाने तो वाढत नाही, म्हणून लशी ठरल्या वेळी द्याव्यात.

गळ्यातला काळा दोरा, ताईत, सोन्याची साखळी झोपेच्या वेळी काढून ठेवावी. मनगट्यांचे मणी सैल झाले नाहीत ना, हे तपासत राहावे. दृष्ट लागू नये म्हणून काळे बांधायचेच असेल तर ते निदान गळ्यात नको.

पावसाळ्याची कोल्हापुरात वेगळी तयारी लागते. राधानगरी-गगनबावड्याकडे तर आठवडे-आठवडे ऊन दिसत नाही. लंगोट आणि दुपटी घरातच दोरीवर वाळत असतात. ती दोरी बाळाच्या गादीवरून जाऊ देऊ नये, कारण ओले दुपटे सुटून नेमके बाळाच्या तोंडावर पडू शकते. ऊब यावी किंवा कपडे वाळावेत म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवणे जिवावर बेतते. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि बाळाबरोबर आईलाही झोपेतच त्याची बाधा होते. डासांसाठी कॉइल न लावता मच्छरदाणी वापरावी.

बाळंतीण माहेरून सासरी जाते, पुढे गावची यात्रा किंवा म्हाई येते, घर पाहुण्यांनी भरते आणि ओळीने अंथरुणे पडतात. अशा रात्रीच सगळे नियम मोडतात. म्हणून बाळाची पातळ गादी, चादर आणि जाळी ही त्याच्या कपड्यांसारखीच पिशवीतून बरोबर न्यावी, आणि जागा भिंतीकडेची, आईला लागून, आधीच ठरवून घ्यावी.

डोक्याचा आकार आणि राईची उशी

उताणे झोपून डोके मागून चपटे होते, ही तक्रार अगदीच निराधार नाही. पण बहुतेक बाळांत हा चपटेपणा बसू-रांगू लागल्यावर भरून येतो आणि मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होत नाही. राईची उशी त्यासाठी वापरली जाते. मात्र उशी कसलीही असली तरी ती मान पुढे ढकलते, शिवण उसवली तर दाणे बाळाच्या हाती लागतात, म्हणून झोपेत ती नको. त्याऐवजी एक दिवस बाळाचे डोके दाराकडे आणि एक दिवस खिडकीकडे करावे. उजेडाकडे आणि आईकडे पाहण्यासाठी ते आपोआप मान दुसऱ्या बाजूला वळवते. शिवाय जागेपणी रोज पालथे घालावे : सुरुवातीला दिवसातून दोन-तीन वेळा तीन ते पाच मिनिटे, आणि सातव्या आठवड्यापर्यंत दिवसाकाठी एकूण पंधरा ते तीस मिनिटे. सतरंजीवर घालून समोर आपण आडवे पडावे, म्हणजे आपला चेहरा पाहण्यासाठी ते मान उचलते. पाठीमागचे डोके एकाच बाजूने चपटे होत असेल किंवा बाळ मान एकाच बाजूला ठेवत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

चौथ्या ते सहाव्या महिन्यात बाळ पालथे पडू लागते आणि झोपेतही पडते. निजवताना त्याला उताणेच ठेवावे. दोन्ही बाजूंनी, म्हणजे उताण्याचे पालथे आणि पालथ्याचे उताणे, ते सहज वळत असेल तर झोपेत त्याने घेतलेली कूस बदलत बसण्याची गरज नाही. गादी मोकळी ठेवण्याचे महत्त्व मात्र या वयात आणखी वाढते.

डॉक्टरांना केव्हा विचारावे

अपुऱ्या दिवसांचे बाळ ‘काचेत’ ठेवलेले असताना परिचारिका त्याला पालथे निजवतात हे काही आयांनी पाहिलेले असते. तिथे श्वास आणि हृदयाचे ठोके सतत यंत्रावर दिसत असतात. घरी आणल्यावर याही बाळाला उताणेच निजवायचे असते, आणि कांगारू पद्धतीने छातीशी धरायचे ते आईने स्वतः जागे असताना. जन्मतः जबड्याचा किंवा श्वासमार्गाचा दोष असेल तर निजवण्याची पद्धत डॉक्टर ठरवतील.

नवजात बाळाचा श्वास झोपेत कधी भरभर, कधी मंद चालतो आणि पाच-दहा सेकंद थांबल्यासारखाही वाटतो. बाळाचा रंग चांगला असेल तर ते स्वाभाविक आहे. श्वास वीस सेकंद थांबणे, ओठ किंवा जीभ निळसर पडणे, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडणे, दोन महिन्यांच्या आतील शांत बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त असणे, बाळ पिणे सोडून मलूल पडणे, अंग तापणे किंवा गार पडणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. रात्र असेल आणि वाहन नसेल तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत येते. ती येईपर्यंत आणि वाटेतही बाळाला दुपट्यात करकचून न गुंडाळता त्याचे तोंड उघडे आणि मान सरळ राहील असे धरावे.